दत्तक किंवा फॉस्टर (दत्तक न घेता सांभाळायला आणलेलं) मूल घरी आलंय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमची लेक घरी आली तेव्हा पाच वर्षांची होती. पहिला दीड महिना इतकी शहाण्यासारखी वागली की जो तो म्हणायचा नशीब काढलंत, आणि मग एकदम लाथा, चावणं, रात्री दोनला किंचाळणं. आम्हाला वाटलं आपलंच काहीतरी बिघडलं. खरं तर उलट होतं, आधी ती पाहुण्यासारखी जीव मुठीत धरून राहत होती, आता कुठे भीती बाहेर काढायची हिंमत झाली होती.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "प्रेम दिलं की सगळं विसरेल" असं धरून चालणं. "इतकी लहान होती, तिला काय आठवतंय" हेही त्यातलंच. आठवत नसलं तरी अंगात भिनलेलं असतं. रुमानियात अनाथालयातल्या १३६ मुलांवर बुखारेस्टचा एक मोठा अभ्यास झाला, त्यात साधारण दोन वर्षांची व्हायच्या आत फॉस्टर कुटुंबात गेलेली मुलं माणसांशी जास्त चांगली जोडली गेली. म्हणजे तान्हेपणी सोसलेलंही उरतं आणि घर मिळाल्याने फरकही पडतो, पण वेळ लागतो हो, खूप लागतो.

खाणं लपवलं तर त्याला चोरी म्हणू नका. मी म्हटलं होतं. उशीच्या अभ्र्यात बिस्किटांचा चुरा, त्याला मुंग्या लागलेल्या, आणि मी ओरडले. ती रडली नाही, नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली, हा हात आता उठणार का म्हणून. ती नजर अजून डोळ्यासमोरून जात नाही. मग आम्ही तिच्या पलंगाशेजारी तिचा स्वतःचा डबा ठेवला, कधीही उघड, विचारायचं नाही, रोज रात्री आम्ही भरणार. कितीतरी महिने ती झोपायच्या आधी झाकण उघडून आतलं मोजायची. एका रात्री मोजायचं विसरून झोपली, मी आणि नवरा दाराशी उभे राहून रडलो.

शिक्षा म्हणून खोलीत एकटं बसवणं, टाइम आउट वगैरे, हे तर नकोच. ज्या मुलाला एकदा सोडून दिलंय त्याला त्यातून एवढंच कळतं की हेही सोडणार. आणि तेव्हा समजावूनही उपयोग नसतो, घाबरलेल्या डोक्यात शब्द शिरतच नाहीत. जमिनीवर बसा, आवाज खाली आणा, "मारू देणार नाही, पण मी इथेच आहे" एवढंच म्हणा. बोलणं नंतर, दोघं शांत झाल्यावर. मर्यादा सोडायची नाही, जवळ राहून पाळायची. स्टार चार्टने, म्हणजे चांगलं वागलं की तक्त्यावर एक स्टार, आमच्याकडे काहीच झालं नाही, एक स्टार हुकला की तिला वाटायचं आपण वाईटच.

जे आपल्याला आधीच माहितीये ते "तू केलंस का?" असं विचारून खोटं बोलायला लावू नका. दत्तक असल्याचं लपवू नका, आणि जन्मदात्या आईबद्दल वाईट बोलू नका, मूल स्वतःला तिचाच तुकडा समजतं.

आता जे कोणी बोलत नाही ते. एक वेळ अशी येते की मुलाबद्दल आतून काही वाटेनासं होतं, आपण नुसतं जेवण, अंघोळ, शाळा उरकत राहतो. याला डॅन ह्यूज आणि जोनाथन बेलिन या मानसशास्त्रज्ञांनी ब्लॉक्ड केअर असं नाव दिलंय, सतत झिडकारलं गेल्यावर पालकाचा मेंदू स्वतःला वाचवायला माया आवरती घेतो. तुम्ही वाईट आई नाही. पण हे लपवून ठेवणं ही चूक आहे, कारण मूल बरोब्बर ओळखतं. ट्रॉमावर, म्हणजे मनावरच्या जुन्या आघातांवर, काम केलेला काउन्सेलर शोधा, नुसतं "अजून कडक व्हा" सांगणारा नको. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर अजिबात थांबू नका.

आणि आपलाच हात उठेल असं वाटलं तर मूल दुसऱ्या मोठ्या माणसाकडे देऊन बाजूला व्हा, फक्त जाताना सांगा, "पाणी पिऊन पाच मिनिटांत परत येते." आणि पाच म्हणजे पाचच मिनिटांत या, ती दाराकडे बघत असते.