‘विकेट’चा घोळ: स्कोअर लिहिताना आणि अम्पायरिंग करताना या चुका टाळा

पुण्यात रविवारी सकाळी कुठल्याही मैदानाच्या कडेला उभं राहा. ‘विकेट स्लो आहे’, ‘विकेटवर मार’, ‘विकेट गेली’, ‘पाच विकेटनी जिंकलो’ असं सगळं दहा मिनिटांत कानावर पडतं. बोलण्यात हे खपून जातं, पण अम्पायरिंगमध्ये आणि स्कोअरबुकात अर्थ चुकला की निकालच बदलतो.

सगळ्यात जास्त भांडणं रनआउटवरून होतात. पहिल्या थ्रोला दोन्ही बेल्स (स्टंपांवरच्या छोट्या आडव्या दांड्या) पडतात, बॅटर ओव्हरथ्रोची रन काढायला पळतात, दुसरा थ्रो आला की फिल्डर चेंडू स्टंपला नुसता टेकवून अपील करतो आणि अम्पायर बोट वर करतो. हा निर्णय चूक आहे. इथे विकेट म्हणजे तीन स्टंप आणि दोन बेल्स. एक बेल वर उरली असेल तर ती पाडली तरी पुरतं. दोन्ही खाली असतील तर स्टंप जमिनीतून उखडावा लागतो आणि ज्या हाताने तो उपटायचा, त्याच हातात चेंडू हवा. चेंडू उजव्या हातात आणि स्टंप डाव्याने उपटला, तर नॉटआउट! बेल परत ठेवायची मुभा खेळ चालू असताना फिल्डरला आहे. अम्पायरने मात्र चेंडू डेड होईपर्यंत, म्हणजे त्या चेंडूवरचा खेळ थांबेपर्यंत, हात लावायचा नाही.

स्कोअरबुकात वेगळी गंमत होते. रनआउट टीमच्या खात्यात पडतो, बोलरच्या नाही. स्टंपिंग कीपरने केलं तरी ती विकेट बोलरचीच.

‘विकेट खराब’ म्हणजे खेळपट्टी. पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर २०१७ च्या कसोटीत भारत १०५ आणि १०७ वर आटोपला, ऑस्ट्रेलियाच्या ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत सहा-सहा बळी घेतले आणि आयसीसीने खेळपट्टीला ‘पुअर’ शेरा दिला. अशा सामन्याबद्दल लिहिताना खेळपट्टी आणि बळी हे शब्द वेगळे ठेवा. दोन्हींना विकेट म्हटलं की वाचणारा हमखास गोंधळतो.

भागीदारी मोजतानाही लोक फसतात. १९४८ साली पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या, तेव्हा भांडारकरांबरोबर दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावांची भागी झाली. म्हणजे तोवर एकच गडी बाद झाला होता, दोन नव्हे. जिंकताना हिशेब उलटा, उरलेल्या विकेट मोजायच्या: सहा गडी गमावून लक्ष्य गाठलं तर विजय चार विकेटनी.

आणि बोलर ओव्हर द विकेटवरून (चेंडू टाकणारा हात स्टंपांच्या बाजूला) राउंड द विकेट (स्टंपांच्या दुसऱ्या बाजूने) येणार असेल, तर त्याने आधी अम्पायरला सांगायचं. न सांगता बाजू बदलली तर तो नोबॉल.