५१व्या डिव्हिजनचा रील: तिरपा क्रूस कसा साधावा

‘रील ऑफ द फिफ्टी-फर्स्ट डिव्हिजन’ हे स्कॉटिश समूहनृत्य (रील म्हणजे द्रुत लयीचा नृत्यप्रकार) शिकताना पावलांआधी त्याच्या नावामागचा इतिहास जाणून घ्यावा, कारण नृत्यातील मुख्य आकृती त्या इतिहासातूनच आली आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधील डंकर्कहून बहुतेक ब्रिटिश फौज मायदेशी परतल्यानंतरही तिची ५१वी हायलँड डिव्हिजन ही स्कॉटिश तुकडी फ्रेंचांच्या हुकमतीखाली लढत राहिली. सँ व्हालरी-आँ-को या बंदरातून सुटका करण्याचा बेत धुक्यामुळे फसला आणि १२ जून १९४० रोजी तिचे प्रमुख जनरल व्हिक्टर फॉर्च्यून यांना जर्मन सेनापती रोमेलपुढे शरणागती पत्करावी लागली. बव्हेरियातील लाउफेन येथील युद्धकैद्यांच्या छावणीत लेफ्टनंट जिमी ॲटकिन्सन यांनी सोबतच्या अधिकाऱ्यांच्या मदतीने हे नृत्य रचले. स्कॉटलंडचे रक्षक संत अँड्र्यू यांचा तिरपा, X आकाराचा क्रूस नाचणाऱ्यांच्या रांगांतून उमटावा, अशी त्याची योजना आहे. बंदिवासात ते सारे पुरुषांनीच नाचले. पुढे १९४५ मध्ये स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटीने ते आपल्या तेराव्या पुस्तकात छापले.

चार जोड्यांनी समोरासमोर दोन रांगा कराव्यात. पुरुषांचा डावा खांदा वादकांच्या बाजूला असावा; तेच रांगेचे वरचे टोक. लय द्रुत असून एक फेरी ३२ बारांची (बार म्हणजे संगीतातील तालाचा एक खंड) असते.

पहिल्या आठ बारांत पहिली जोडी जागेवरच एकमेकांसमोर ‘पा द बास्क’ची (जागच्या जागी आलटून पालटून उजवी-डावीकडे टाकायची) पावले टाकते, रांगांच्या बाहेरून तिसऱ्या जोडीच्या खाली उतरते आणि हात धरून मधून वर येते. तोवर दुसऱ्या जोडीने एक जागा वर सरकलेले असावे. वर येताच पुरुषाने तिसऱ्या स्त्रीकडे आणि स्त्रीने दुसऱ्या पुरुषाकडे तोंड करावे.

पुढच्या आठ बारांना मी सर्वांत जास्त सराव देईन. त्या व्यक्तीसमोर दोन बार पावले टाकून उजव्या हाताने तिला वळवावे, पण तो हात सोडू नये; डावा हात मधोमध आपल्या जोडीदाराला द्यावा. आता चौघांची एक तिरपी ओळ तयार होते आणि दोन बार ती जागच्या जागी डोलते. ही क्रूसाची पहिली भुजा. नवशिके इथे पुढच्या वळणाची घाई करतात, त्यामुळे ओळ वाकते आणि क्रूस दिसतच नाही. हात ताणू नयेत आणि टोकाच्या दोघांनी आपापला कोपरा सोडू नये. यानंतर पहिल्या जोडीने डाव्या हाताने एकमेकांना वळवून उरलेल्या दोन कोपऱ्यांकडे तोंड करावे. पुरुषासमोर दुसरी स्त्री येईल, स्त्रीसमोर तिसरा पुरुष. त्यांच्यासोबत त्यापुढच्या आठ बारांत तेच सारे पुन्हा करताना उमटणारी ओळ पहिलीला छेद देणारी असते. त्यांतल्या शेवटच्या दोन बारांत पहिल्या जोडीने आपापल्या बाजूला दुसऱ्या जागी यावे.

उरलेल्या आठ बारांत पहिल्या तीन जोड्यांतील सहा जणांनी हात धरून डावीकडे गोल फिरावे आणि तसेच परत यावे. दुसऱ्या जागेवरून हीच फेरी पुन्हा नाचल्यावर पहिली जोडी तळाशी जाते आणि वर आलेली नवी जोडी सुरुवात करते.