चॉकी आणायच्या आधी

चॉकी म्हणजे रेशमाच्या लहान अळ्या. त्यांची पहिली बॅच घेणारा शेडपासून सुरुवात करतो. तुम्ही आधी तुतीत जा आणि पाला बघा. शंभर अंडीपुंजांच्या (एका मादीची अंडी म्हणजे एक पुंज) अळ्या मिळून टनभर पाला फस्त करतात, त्यातला 80 टक्क्यांच्या वर शेवटच्या, पाचव्या अवस्थेच्या सात-आठ दिवसांत. त्या आठवड्यात लग्नाचं आमंत्रण आलं तर घरातल्या एकालाच पाठवा. छाटणीनंतर 40-45 दिवसांनी चॉकी घरात यावी, म्हणजे मोठ्या अळ्यांना 50-60 दिवसांचा जून पाला मिळतो.

बांधाला बांध असणाऱ्यांना तारीख आत्ताच सांगून ठेवा. मागच्या दिवाळीला पलीकडच्या कापसावर फवारा झाला आणि वारा नेमका आमच्याकडे. कडेच्या दोन ओळींचाच पाला घातला होता; दुपारपर्यंत अळ्या हिरवं पाणी ओकून माना टाकून पडल्या. भांडून काय होणार, त्यालाही पीक वाचवायचं होतं. तेव्हापासून कडेचा पाला आधी पंधरा-वीस अळ्यांना घालून बघतो, मगच रॅकवर नेतो.

शेड धुऊन घ्या. 100 लिटर पाण्याला 2 किलो ब्लीचिंग पावडर आणि 300 ग्रॅम चुना, या पाण्याने भिंती, रॅक, जाळ्या, चंद्रिका (अळ्या कोष विणतात ती चौकट) सगळं ओलं करा, तोंडाला फडकं बांधून. खिडक्यांच्या जाळीला बोटभर भोक असलं तरी उझी माशी आत येते, आणि तिने अळीवर अंडी घातली की तो कोष गेलाच. रॅकच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्यांसाठी. थर्मामीटर, रद्दी, चुन्याची भुकटी हाताशी असू द्या. अळ्या कात टाकायला बसल्या की पाला बंद करून वर चुना भुरभुरायचा. जवळजवळ सगळ्या उठेपर्यंत पाल्याची घाई नको.

चंद्रिका शेवटच्या दिवशी शोधायची वस्तू नव्हे. पक्व अळी खाणं सोडते, अंग आखडून पिवळसर, आरपार दिसू लागतं आणि डोकं वर करून आधार शोधते. चौरस फुटाला 40-50 च अळ्या सोडा, खाली रद्दी अंथरा. कोष करण्याआधी अळी लघवी करते. ती ओल कोंडली तर धागा नीट उलगडत नाही. चांगल्या कोषातून तो हजारेक मीटर निघतो.

अळ्या चंद्रिकेवर सोडल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी एक कोष कानाशी धरून हलवा. खुळखुळला तर काढणीला लागा. आतला कोषित, म्हणजे अळीचं पुढचं रूप, अजून मऊ असेल तर थांबा, तो फुटून रेशमाला डाग पडतो. पोचट आणि जोडकोष (दोन अळ्यांनी मिळून केलेले) वेगळे काढा. गोणी हवा खेळणारी हवी, फार ठासू नका. कोष बाजाराला जालन्याला न्या नाहीतर कर्नाटकात रामनगरला, गाडी मात्र रात्रीची ठरवा.