पूर ओसरल्यावर स्टुडिओ सावरताना या चुका टाळा

२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांतील पुरांनी कोल्हापूर, सांगली, मिरज आणि चिपळूण या पट्ट्यातील चित्रकार, मूर्तिकार, छायाचित्रकार आणि वाद्य कारागीर यांची वर्षानुवर्षांची कमाई चिखलात घातली. या नुकसानीचा सगळा दोष मात्र पाण्याकडे जात नाही. पाणी उतरल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतील घाई आणि पाणी येण्याआधीच्या काळातील ढिलाई, या दोन्हींमुळे वाचू शकले असते असे कितीतरी काम हातचे जाते, आणि पुढच्या पावसाळ्याआधी सुधारता येण्यासारखी गोष्ट हीच आहे.

ओले काम थेट उन्हात टाकणे

दार उघडल्याबरोबर सगळे अंगणात नेऊन उन्हात पसरणे ही सर्वांत सहज होणारी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. भिजलेला कॅनव्हास, त्यावरचे अस्तर आणि रंगाचा थर हे तिन्ही वेगवेगळ्या गतीने आक्रसतात. कडक उन्हात ही ओढाताण इतकी वाढते की रंग खपल्या धरून उचलला जातो. चित्र चौकटीवरून न काढता, रंगाची बाजू वर ठेवून, चार विटांवर आडवे टेकवावे आणि सावलीत वारा खेळता ठेवावा; पंख्याचा झोत थेट चित्रावर येऊ देऊ नये. रंगावर बसलेला गाळ फडक्याने पुसण्याचा मोह आवरावा, कारण त्यातील बारीक रेती पॉलिश पेपरसारखे काम करते. रंगाचे सुटलेले पापुद्रे फेकू नयेत, कागदाच्या पुडीत ठेवून त्या पुडीवर चित्राचे नाव लिहावे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आलेल्या पुरात चिमाबुए या चित्रकाराच्या क्रूसावरील जवळजवळ ६० टक्के रंग गेला, तेव्हा तिथल्या लोकांनी गाळातून रंगाचे कण चाळून गोळा केले होते. जीर्णोद्धार करणाऱ्याला असा कणही उपयोगी पडतो.

कागदाच्या बाबतीत घाई याहून घातक ठरते. एकमेकांना चिकटलेली रेखाचित्रे ओली असताना ओढून सुटी करू नयेत. जी सहज सुटतात तेवढीच घेऊन त्यांच्यामध्ये टीपकागद किंवा कोरा, न छापलेला वर्तमानपत्री कागद घालावा आणि तो भिजला की बदलत राहावे. छापील वर्तमानपत्राची शाई ओल्या कामावर उतरते. काचेला चिकटलेले जलरंगचित्र सोलून काढण्याचा प्रयत्न न करता, काच खाली ठेवून तसेच वाळू द्यावे. कागदावर छापलेली ओली छायाचित्रे स्वच्छ थंड पाण्यात ठेवली तर एक-दोन दिवस टिकतात आणि त्या अवधीत हलक्या हाताने सुटी करता येतात. एकदा गठ्ठा वाळला की पृष्ठभागावरील जिलेटीन घट्ट धरते आणि चेहऱ्यासकट थर निघून येतो. ओलसर जागेत साधारण ४८ तासांत बुरशी दिसू लागते. तेवढ्या वेळात सगळे हाताळणे शक्य नसेल, तर कागदाचे गठ्ठे प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवावेत, म्हणजे निर्णय घ्यायला सवड मिळते. कॅनव्हासवरील चित्रे, काचेच्या जुन्या निगेटिव्ह आणि वाद्ये मात्र फ्रीजरमध्ये कधीही ठेवू नयेत.

नगरपालिकेकडून मिळालेली ब्लीचिंग पावडर फरशी आणि भिंतींसाठी आहे. ती किंवा फिनेल कोणत्याही कलाकृतीला लावू नये. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचा धोका असतो, म्हणून गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय आत पाऊल टाकू नये, अंगावर जखम असेल तर मुळीच नाही.

तयार मालाच्या मागे लागून साचे आणि वाद्ये विसरणे

२०१९ मध्ये कोल्हापूरला ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पूर आला आणि गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. कारखान्यात मूर्ती रंगकामाला लागलेल्या असताना पाणी शिरले, की मूर्तिकाराचे लक्ष साहजिकच तयार मूर्तींकडे जाते. परंतु कच्ची शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, भिजलेले प्लास्टर ठिसूळ होते, आणि यातील फार थोडे वाचते. त्या वेळात उचलायला हवेत ते साचे. एक मूर्ती गेली तर एक विक्री बुडते, साचा गेला तर पुढच्या हंगामाची सुरुवातच बुडते. रबरी साचे त्यांच्या बाहेरच्या कवचासकट पोटमाळ्यावर ठेवावेत. कवचाशिवाय नुसते रबर गुंडाळून ठेवले तर आकार बिघडतो. भिजलेले साचे स्वच्छ पाण्याने धुऊन, जोडून, सावलीत वाळवावेत. लोखंडी हत्यारे त्याच दिवशी धुऊन पुसून त्यांना तेलाचा हात द्यावा.

तंबोरा, सतार यांसारख्या वाद्यांची गोष्ट वेगळी आहे. भोपळा आणि लाकूड पाणी शोषतात, सरसाने धरलेले सांधे सैल होतात, आणि वरून तारांचा ताण तसाच राहिला तर तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पट्टी, खाली बसते. म्हणून पहिल्यांदा तारा उतरवाव्यात, सुटलेला प्रत्येक तुकडा त्याच वाद्यासोबत बांधून ठेवावा आणि कित्येक आठवडे सावकाश वाळू द्यावे. मिरजेसारख्या ठिकाणी हे काम पिढ्यान्‌पिढ्या जाणणारे हात आहेत. वाद्य त्यांना दाखवण्याआधी घरी फेविकॉल लावून सांधा बसवला, तर त्यांचे काम दुप्पट होते.

भिजलेला संगणक चालू करून पाहणे

मुख्य स्विच आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनने तपासण्याआधी भट्टी, कॉम्प्रेसर किंवा संगणक यांपैकी काहीही सुरू करू नये. भिजलेली हार्ड डिस्क तांदळात ठेवू नये, हेअर ड्रायरने वाळवू नये; ती तशीच बंद पिशवीत घालून माहिती परत मिळवून देणाऱ्या तंत्रज्ञाकडे न्यावी. टर्पेंटाइन आणि थिनरचे डबे कलंडले असतील तर वास जाईपर्यंत दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि काडी ओढू नये.

पंचनाम्याआधी झाडून पुसून घेणे

स्वच्छतेची ओढ समजण्यासारखी आहे, पण पुरावा झाडूबरोबर बाहेर गेला तर नुकसान सिद्ध करणे अवघड होते. भिंतीवरील पाण्याची रेघ, प्रत्येक खोली, प्रत्येक खराब झालेली वस्तू यांची छायाचित्रे आधी घ्यावीत आणि टाकून देण्याच्या वस्तूंची यादी करावी. पंचनाम्यात ‘चित्रे व साहित्य भिजले’ एवढीच ओळ येऊ देऊ नये. किती कॅनव्हास, कोणत्या मापाचे, किती साचे, किती पोती शाडू, कोणती यंत्रे, हे स्वतः लिहून द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत हस्तकला आणि हातमाग कारागिरांना अवजारांसाठी ५,००० रुपये आणि कच्च्या, अर्धवट किंवा तयार मालासाठी ५,००० रुपये एवढीच तरतूद आहे, आणि तीही सक्षम अधिकाऱ्याने नुकसान प्रमाणित केल्यावर मिळते. ही रक्कम कारखाना उभा करायला पुरणारी नाही, हे उघड आहे. म्हणूनच विम्याचा विचार टाळता येत नाही.

येथे आणखी एक गैरसमज आढळतो. घराचा विमा आहे म्हणजे घरातील चित्रेही त्यात आली, असे बहुतेकांना वाटते. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत चित्रे आणि कलाकृती यांसाठी वेगळा पर्याय मागून घ्यावा लागतो. कारखाना, यंत्रे आणि माल यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. एका ठिकाणची एकूण जोखीम पाच कोटी रुपयांपर्यंत असेल तर ती लागू होते आणि तिच्यात पूर व वादळ धरलेले आहेत. स्वतःच्या न विकलेल्या चित्रांची किंमत कशी धरणार, कॅनव्हास-रंगाच्या खर्चाने की आजवरच्या विक्रीच्या दराने, हे पॉलिसी घेतानाच लेखी ठरवून घ्यावे. त्यासाठी जुनी विक्रीची बिले, कलाकृतींची छायाचित्रे आणि मापे यांची नोंदवही हवी, आणि तिची एक प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे किंवा ऑनलाइन साठवणीत असायला हवी. नोंदवही त्याच कपाटात भिजली तर ती असून नसल्यासारखी.

मागच्या पुराच्या रेघेवर विसंबणे

२००५ ची रेघ पाहून अनेकांनी त्याच्या हातभर वर सामान ठेवले होते. २०१९ चे पाणी त्याच्याही वर गेले. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, तर सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५ फूट, हे आकडे सर्वांना पाठ असतात. परंतु हे आकडे शहरासाठी आहेत. आपल्या गल्लीत पाणी बंधाऱ्यावरील कोणत्या आकड्याला शिरले, ते शेजाऱ्यांना विचारून भिंतीवर लिहून ठेवावे, आणि त्याच्या किमान चार फूट आधी सामान हलवायला सुरुवात करावी. पंचगंगा आणि कृष्णा चढायला बहुधा दिवस घेतात. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीकाठी ती मुभा नाही. २२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळूणकरांना काही तासांचाही अवधी मिळाला नाही. तिथे जूनपासूनच साचे, निगेटिव्ह आणि नोंदवह्या वरच्या मजल्यावर असाव्यात, कारण रात्री दोन वाजता कोणते खोके आधी उचलायचे हे सुचत नाही. खोक्यांवर १, २, ३ असे क्रम मोठ्या अक्षरांत टाकून ठेवल्यास मदतीला आलेला शेजारीही योग्य खोके उचलतो.

न विचारता मदत पाठवणे

मदत करणाऱ्यांकडूनही चुका होतात. रंगांचे डबे आणि ब्रश यांचे ढीग येतात, आणि कलाकाराला त्या क्षणी हवी असते ती कोरडी जागा, वीज आणि थोडे खेळते भांडवल. २०१८ च्या पुरात केरळमधील चेंदमंगलम येथील विणकरांचा ओणमसाठी तयार केलेला माल चिखलाने माखला, तेव्हा स्वयंसेवकांनी त्या डागाळलेल्या साड्या धुऊन त्यांच्यापासून ‘चेकुट्टी’ नावाच्या छोट्या बाहुल्या केल्या. एका साडीतून सुमारे ३६० बाहुल्या निघत, प्रत्येकी २५ रुपयांना विकल्या जात आणि पैसे विणकरांकडे जात. फुकटच्या वस्तूंपेक्षा बाजार मिळवून देणारी अशी मदत कारागिराला लवकर उभे करते. गणेश मंडळांना हेच अधिक सोप्या रीतीने करता येईल: ठरलेली मूर्ती रद्द करून परगावाहून आणण्याऐवजी लहान आकाराची मूर्ती स्वीकारावी, दिलेला आगाऊ पैसा परत मागू नये, आणि मंडळाचे सभागृह पंधरा दिवस मूर्ती वाळवण्यासाठी उघडून द्यावे.