आयपीएस पेशींपासून हृदयस्नायूपेशी: बाराव्या दिवसापर्यंतची वाट

आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींना पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत नेऊन बनवलेल्या पेशींपासून) ठोके देणाऱ्या पेशी मिळणार की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा पहिला रासायनिक डोस पडण्याआधीच लागलेला असतो. म्हणून पेरणीच्या दिवसाला सगळ्यात जास्त वेळ द्या.

मायकोप्लाझ्माची (पेशीसंवर्धन दूषित करणाऱ्या सूक्ष्म जीवाणूंची) चाचणी झालेल्या, कडा स्वच्छ असलेल्या वसाहतीच घ्या. मध्येच पसरट, विभेदित झालेल्या (दुसऱ्या प्रकारात बदललेल्या) पेशी दिसत असतील तर ती प्लेट वापरू नका. अ‍ॅक्युटेजने (पेशी सोडवणाऱ्या विकरांच्या द्रावणाने) पेशी सुट्या करा, मोजा आणि मॅट्रिजेल (पेशींना चिकटायला प्रथिनांचा थर) लावलेल्या १२ वेलच्या (खणांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक वेलला ३ ते ५ लाख टाका. पहिले २४ तास वाय-२७६३२ हे पेशी जगवणारे रसायन (१० मायक्रोमोलर) हवेच, नाहीतर सुट्या पेशी तगत नाहीत. प्लेट गोल फिरवू नका, पेशी मधोमध गोळा होतात. पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवा.

दोन-तीन दिवसांत थर ८५ ते ९५ टक्के भरला की तो शून्य दिवस. आरपीएमआय १६४० आणि इन्सुलिनविरहित बी-२७ (पोषक पूरक) या मीडियममध्ये सीएचआयआर ९९०२१ (विंट हा पेशीतला संकेत चेतवणारे रसायन) द्या, वेलला २ मिली. इथे इन्सुलिन असलेली बाटली चुकून उचलली गेली की उत्पादन कोसळते, कारण या टप्प्यावर इन्सुलिन हृदयाकडे जाणारी वाट अडवते. दोन्ही बाटल्यांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा.

सीएचआयआरचा डोस दुसऱ्या प्रयोगशाळेतून जसाच्या तसा उचलू नका. प्रत्येक पेशीओळीसाठी ६, ८, १० आणि १२ मायक्रोमोलर असे चार डोस, तेही दोन-तीन घनतांवर, एकदा तपासाच. १० मिलिमोलर साठ्यातून ८ मायक्रोमोलर हवे तर मिलीमागे ०.८ मायक्रोलिटर, म्हणजे पूर्ण प्लेटच्या २४ मिलीला १९.२ मायक्रोलिटर. एकेका वेलमध्ये थेट पिपेट न करता सगळे मिश्रण एकदम करा.

बरोबर २४ तासांनी मीडियम बदला. तरंगणाऱ्या मेलेल्या पेशी बऱ्याच दिसतील, घाबरू नका. पण तळ उघडा पडला असेल तर डोस जास्त झाला किंवा पेरणी विरळ होती.

तिसऱ्या दिवशी अर्धे जुने आणि अर्धे ताजे मीडियम मिसळून त्यात आयडब्ल्यूपी-२ (५ मायक्रोमोलर) द्या. सीएचआयआरने जो विंट संकेत चेतवला, तोच आता बंद करायचा असतो. आयडब्ल्यूपी-२ सहज विरघळत नाही; साठ्यात खडे दिसले तर ३७ अंशांवर गरम करून नीट विरघळवून घ्या. पाचव्या दिवशी औषधाविना, इन्सुलिनविरहित मीडियम. सातव्या दिवसापासून इन्सुलिनसह बी-२७, दर तीन दिवसांनी.

साधारण आठव्या ते बाराव्या दिवसांत ठोके दिसू लागतात. आधी एखादा कोपरा, मग जाळी, मग सगळा थर. या काळात मीडियम भिंतीवरून हळू सोडा. जोरात सोडले तर आकुंचन पावणारा थर सोलून निघतो.

ठोके दिसले म्हणजे पेशी शुद्ध आहेत असे नाही. थोड्या पेशीही सगळा थर हलवू शकतात, म्हणून ट्रोपोनिन टी (हृदयस्नायूतले ओळखीचे प्रथिन) रंगवून फ्लो सायटोमेट्रीवर (एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रावर) टक्केवारी काढा. ती कमी असेल तर ग्लुकोजविरहित आरपीएमआयमध्ये ४ मिलिमोलर लॅक्टेट घालून चार ते सहा दिवस ठेवा. हृदयस्नायूपेशी लॅक्टेटवर तगतात, इतर बहुतेक मरतात. मात्र या पेशी गर्भातल्या हृदयासारख्या अपक्व असतात. औषधांच्या चाचणीचे आकडे वाचताना हे विसरू नका.