पार्टिशन्स एकमेकांशी जोडण्याआधी: मेनफ्रेमवाल्यांसाठी तयारीची यादी

एचसीडी, म्हणजे मेनफ्रेमच्या जोडण्यांची व्याख्या करायचं साधन, उघडण्याआधी एक कागद घ्या. डावीकडे एकाखाली एक सगळी पार्टिशन्स (मशीनचे स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टम चालवणारे भाग) लिहा, वर आडव्या ओळीत तीच पुन्हा लिहा. मग प्रत्येक घरात भरा, की डावीकडचं पार्टिशन वरच्याशी नेमकं काय बोलणार आहे: डेटाबेसची विचारणा, रात्रीच्या फाइल्स की सिसप्लेक्सचे (मेनफ्रेमच्या झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टमच्या एकत्र काम करणाऱ्या गटाचे) सिग्नल. जिथे काहीच बोलायचं नाही तिथे घर मोकळं न सोडता ‘नको’ असं स्पष्ट लिहा. टेस्ट आणि प्रॉडक्शनच्या मधलं ते ‘नको’ पुढे फार उपयोगी पडतं, आणि ऑडिटवालेही सगळ्यात आधी तेच विचारतात. हा तक्ता दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकत्र बसून भरावा. अर्धा झेड/ओएसवाल्यांनी आणि अर्धा लिनक्सवाल्यांनी आपापल्या टेबलावर भरला, की दोन्ही अर्धे बरोबर असूनही जोड लागत नाही. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे.

तक्ता भरला की रस्ता निवडा. दोन्ही पार्टिशन्स एकाच मशीनमध्ये असतील आणि साधं टीसीपी/आयपी हवं असेल, तर हायपरसॉकेट्स, म्हणजे मशीनच्या आतलंच नेटवर्क. एकच ओएसए (मेनफ्रेमचं नेटवर्क कार्ड) पोर्ट दोघांत शेअर असेल तर त्यातूनही थेट बोलता येतं. मशीन वेगळी असतील तर हायपरसॉकेट्सचा विषय तिथेच संपतो, कारण ते मशीनच्या मेमरीतच राहतं. मग ओएसए किंवा रॉकी (इथरनेटवरून थेट मेमरी ते मेमरी पाठवणारं कार्ड). सिसप्लेक्सच्या एक्ससीएफ (सिस्टम्सना आपसात बोलवणारा झेड/ओएसचा भाग) सिग्नलसाठी फायकॉन या फायबर चॅनेलवरचं सीटीसी (दोन पार्टिशन्समधली थेट चॅनेल जोड), कपलिंग फॅसिलिटीतलं (सिसप्लेक्सची सामाईक मेमरी सांभाळणारं पार्टिशन) स्ट्रक्चर, किंवा दोन्ही. मी दोन्ही ठेवतो: रोजचा भार स्ट्रक्चरवर आणि सीटीसी जोडीला. स्ट्रक्चर्सही दोन हवीत, वेगवेगळ्या कपलिंग फॅसिलिटीत.

हायपरसॉकेट्सवर सावकाश थांबा, कारण ते वाटतं तेवढं सरळ नाही. त्याला केबल लागत नाही, कार्ड लागत नाही. आयक्यूडी जातीचा (हायपरसॉकेट्सचा) एक चिपिड, म्हणजे चॅनेलचा ओळख क्रमांक, डिफाइन केला की झालं असं वाटतं. पण त्या चिपिडची फ्रेम साइज तेव्हाच ठरवावी लागते. चिपिडच्या व्याख्येतल्या सीएचपार्मला ०० दिलं तर फ्रेम १६ केबीची आणि एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज) ८ केबीचा. ४० ला २४ आणि १६, ८० ला ४० आणि ३२, सी० ला ६४ आणि ५६. नंतर बदलायची म्हटली तर ते चॅनेल वापरणाऱ्या प्रत्येक पार्टिशनमध्ये ते आधी बंद करावं लागतं, म्हणजे सगळ्यांची परवानगी, सगळ्यांची विंडो (बदलासाठी ठरवलेली वेळ). मोठ्या फाइल्स जाणार असतील तर मोठी फ्रेम घ्या, पण मेमरीचा हिशेब करूनच. लिनक्सच्या बाजूला हायपरसॉकेट्सला मुळातच १२८ बफर मिळतात. ६४ केबीच्या फ्रेमला ते एका इंटरफेसमागे ८ एमबी होतात. एका पार्टिशनला हे काहीच नाही, पण झेड/व्हीएमखाली (आभासी मशीन्स चालवणाऱ्या सिस्टमखाली) शेकडो गेस्ट असतील तर हिशेब मांडावाच लागतो. आणखी एक: इथे डेटा पाठवणाऱ्याच्या सीपीयूवर कॉपी होतो. आधीच दमलेल्या पार्टिशनकडून मोठा ओघ सुरू करणार असाल तर कपॅसिटी बघणाऱ्यांना आधी सांगा.

चिपिडची ॲक्सेस लिस्ट लिहिताना तो कागद समोर ठेवा. एका आयक्यूडी चिपिडवर आलेली पार्टिशन्स म्हणजे एकाच खोलीत बसलेली माणसं. बाहेरच्या फायरवॉलला त्यांचं बोलणं दिसतच नाही. म्हणून प्रॉडक्शनचा चिपिड वेगळा आणि टेस्टचा वेगळा. पार्टिशन्स वेगवेगळ्या चॅनेल सबसिस्टममध्ये (मशीनमधले चॅनेलचे गट) असतील तर चिपिड स्पॅन्ड (त्या सबसिस्टम्समध्ये सामाईक) करायला विसरू नका. डिव्हाइस नंबर देताना प्रत्येक टीसीपी/आयपी स्टॅकला किमान तीन लागतात हे धरून द्या: रीड, राइट आणि डेटा. लिनक्समध्ये रीडचा नंबर सम आणि राइटचा त्याच्या लगेच पुढचा.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे माझी एक अख्खी रात्र गेली. एका ठिकाणी झेड/ओएस आणि लिनक्स हायपरसॉकेट्सने जोडायचे होते. झेड/ओएसवर नेटस्टॅटमध्ये इंटरफेस रेडी. लिनक्सवर इंटरफेस अप. पत्ते एकाच सबनेटचे, मास्क बरोबर. पिंगला मात्र उत्तर नाही, आणि कोणत्याच लॉगमध्ये चूक दिसेना. पहाटे कारण सापडलं: लिनक्सचा इंटरफेस लेयर २ वर (इथरनेटचा थर) उठला होता, आणि झेड/ओएस हायपरसॉकेट्सवर लेयर ३ च (आयपीचा थर) बोलत होता. एकाच चिपिडवर असूनही हे दोन थर एकमेकांना ऐकत नाहीत. लिनक्सवर लेयर२=० करून इंटरफेस पुन्हा वर आणला आणि पिंग लगेच आलं. तेव्हापासून त्या तक्त्याच्या प्रत्येक घरात लेयर २ की ३ हेही आम्ही लिहितो.

सीटीसीची तयारी वेगळ्या स्वभावाची आहे. इथे सगळा खेळ नंबरांचा. प्रत्येक टोकाचं कंट्रोल युनिट समोरच्या पार्टिशनकडे बोट दाखवतं. सीयूॲडमध्ये (कंट्रोल युनिटचा पत्ता) आधी समोरच्याचा सीएसएस आयडी, म्हणजे चॅनेल सबसिस्टमचा नंबर, आणि मग त्याचा मिफ आयडी, म्हणजे त्या सबसिस्टममधला पार्टिशनचा नंबर, येतो; १२ म्हणजे सबसिस्टम १ मधलं मिफ २. स्वतःचा आयडी तिथे लिहिणं ही सगळ्यात नेहमीची चूक. दोन्हीकडे युनिट ॲड्रेस जुळला पाहिजे. नंबरांची पद्धत आधी ठरवा आणि मोडू नका: पाठवायच्या डिव्हाइसना ४ ने सुरुवात, घ्यायच्यांना ५ ने, मधले दोन अंक समोरच्या पार्टिशनचे, शेवटचा अंक कितवा मार्ग त्याचा. मग रात्री दोन वाजता डिस्प्लेमधला नंबर वाचला तरी कोण कोणाशी बोलतंय हे कळतं.

कपलएक्सएक्समध्ये (सिसप्लेक्सच्या मार्गांची व्याख्या असलेली फाइल) एका सिस्टमचा पाथआउट (जाणारा मार्ग) दुसऱ्याच्या पाथइनला (येणारा मार्ग) मिळाला पाहिजे. चार सिस्टम्स एकमेकांशी जोडायच्या तर एकेरी मार्ग १२ होतात, आणि प्रत्येकाला जोडीदार दिला तर २४. ते दोन्ही मार्ग एकाच चिपिडवरून नेले तर जोडीदार असून नसल्यासारखाच. केबल कोणत्या डायरेक्टरच्या (फायकॉनचा स्विच) कोणत्या पोर्टवर जाते हे कागदावर न मानता डेटा सेंटरमध्ये उभं राहून एकदा बघा.

एसएमसी-डी (एकाच मशीनमध्ये टीसीपीचा डेटा थेट मेमरीतून पाठवायची पद्धत) वापरायचं असेल तर मशीन झेड१३ किंवा त्यापुढचं हवं, त्यासाठीच्या आयएसएम या आभासी डिव्हाइसचा फंक्शन आयडी हवा, एसएमसी-डीच्या पहिल्या आवृत्तीत दोन्ही टोकं एकाच सबनेटमध्ये हवीत, आणि आयएसएमचा पीनेटआयडी (फिजिकल नेटवर्कचं नाव) ओएसए किंवा हायपरसॉकेट्सच्या पीनेटआयडीशी अक्षर न् अक्षर जुळायला हवा. नाही जुळला तर कनेक्शन गुपचूप साध्या टीसीपीवर चालत राहतं. काम होतंय म्हणून कोणी बघत नाही, आणि ज्या वेगासाठी हे सगळं केलं तो मिळतच नाही. म्हणून जोड एसएमसी-डीवर लागली का, हे नेटस्टॅट ऑलमध्ये डोळ्यांनी बघूनच खूण करा.

विंडोच्या दिवशी आधी ॲक्टिव्हेट टेस्ट, म्हणजे बदल लागू न करता तो लागेल का हे तपासणं. चालू आयओडीएफ (एचसीडीने बनवलेली व्याख्येची फाइल) कोणता आणि मागे यायचं तर कोणता, हे दोन्ही चेंजच्या कागदावर असू द्या. मग बाकीच्या पार्टिशन्सवर सॉफ्टवेअरपुरता बदल, आणि हार्डवेअरचा बदल सगळ्यात शेवटी, एकाच ठिकाणाहून. चिपिड ऑनलाइन आला का ते प्रत्येक पार्टिशनवर वेगळं तपासा. एकावर दिसला म्हणजे सगळीकडे आला असं नाही.

तपासणी दोन्ही टोकांकडून. डी एक्ससीएफ,पीआय आणि डी एक्ससीएफ,पीओ (येणारे आणि जाणारे मार्ग दाखवणाऱ्या कमांड) दोन्ही द्या; मार्ग ‘वर्किंग’ हवा. ‘लिंकिंग’वर अडकला असेल तर समोरच्याचं टोक बघा, बहुतेक वेळा तिथे पाथइनच्या जागी पाथआउट सापडतो. आयपीच्या जोडीवर छोटं पिंग झालं की थांबू नका. ठरवलेल्या एमटीयूएवढं मोठं पिंग, तुकडे न करता, दोन्ही दिशांनी पाठवा, आणि मग एक खरी मोठी फाइल. छोटं पिंग जातं आणि फाइल अर्ध्यावर लटकते, ही एमटीयूची ओळखीची खूण. शेवटी एकेक मार्ग मुद्दाम बंद करून दुसरा भार घेतो का ते बघा; प्रॉडक्शन सुरू झाल्यावर ही मुभा मिळत नाही.

आणि विंडो बंद करण्याआधी पुढच्या आयपीएलचा, म्हणजे सिस्टम पुन्हा सुरू होण्याचा, विचार करा. ओबेफाइलने (चालू टीसीपी/आयपीला बदल देणाऱ्या कमांडने) आणलेला इंटरफेस टीसीपी/आयपी पुन्हा उठला की गेलेला असतो, म्हणून तो प्रोफाइलमध्ये लिहा. सेटएक्ससीएफ कमांडने सुरू केलेला मार्ग कपलएक्सएक्समध्ये घाला. लोडएक्सएक्समध्ये (आयपीएलच्या वेळी वाचली जाणारी फाइल) नवा आयओडीएफ येतोय ना ते बघा. तोच आयओडीएफ आयओसीडीएसमध्ये (मशीनमध्ये साठवलेली व्याख्या) लिहून पुढच्या पीओआरला (अख्खं मशीन नव्याने सुरू करताना) तोच उचलला जाईल अशी खूण करा, नाहीतर पुढचा पीओआर मशीनला जुन्या व्याख्येवर घेऊन जाईल. लिनक्सवर चेझडेव्ह कमांडने केलेला बदल कायमस्वरूपी नोंदला गेलाय का ते तपासा. डिस्प्लेंचे आउटपुट त्या तक्त्याबरोबर एकाच फोल्डरमध्ये, तारखेसकट ठेवा, आणि पहिल्या आयपीएलनंतर तेच डिस्प्ले पुन्हा काढून शेजारी लावा.