गावाच्या लोकसंख्येचा अभ्यास विद्यार्थ्यांकडून कसा करून घ्यावा

शाळेत लोकसंख्या हा विषय बहुधा ११ जुलैच्या, म्हणजे जागतिक लोकसंख्या दिनाच्या, निबंधापुरता उरतो आणि त्या निबंधात वर्षानुवर्षे ‘लोकसंख्येचा स्फोट’ एवढेच लिहिले जाते. वास्तविक २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात होणाऱ्या मुलांची सरासरी, १.७ इतका खाली आलेला दिसतो. म्हणून नववी-दहावीच्या शिक्षकांनी निबंध बाजूला ठेवून मुलांच्या हाती आकडे द्यावेत, असे मला मनापासून वाटते.

सुरुवातीला फळ्यावर २०११ च्या जनगणनेतील दोनच आकडे लिहावेत : रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया, तर मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. कारण विचारावे आणि थांबावे. कोकणातल्या वर्गात उत्तर मुलांच्या घरातच असते, कारण कोणाचे वडील तर कोणाचे काका मुंबईत चाकरमानी असतात. येथे एक चूक आवर्जून टाळावी : हजारावरचे गुणोत्तर पाहून त्या जिल्ह्यात मुलींना अधिक मान आहे, असा निष्कर्ष काढू देऊ नये. त्यासाठी शून्य ते सहा वयोगटातील गुणोत्तर वेगळे पाहावे लागते. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ते ८०७ होते, आणि तेथील प्रश्न स्थलांतराचा नसून मुलींच्या जन्माचाच होता. त्यानंतर रत्नागिरीची लोकसंख्या २००१ मधील १६,९६,७७७ वरून २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली, हेही सांगावे. लोकसंख्या घटूही शकते, हे अनेक मुलांना प्रथमच कळते.

मग आपल्या वाडीतील चाळीस-पन्नास घरे निवडावीत. पालकांना आणि ग्रामपंचायतीला आधी कल्पना द्यावी, वहीत नावांऐवजी घराला क्रमांक द्यावा आणि ‘इतकी मुले का?’ असा प्रश्न कोणालाही विचारू नये. जनगणनेप्रमाणे एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब धरावे, आणि बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी वेगळा रकाना आखून त्यात ती व्यक्ती कोठे, कशासाठी आणि केव्हापासून गेली, हे लिहावे. माझ्या मते सगळ्या वहीत हाच रकाना सर्वांत बोलका असतो.

वयाच्या नोंदीला मात्र पुरेसा वेळ द्यावा. वडीलधारी माणसे वय अंदाजाने ‘साठ’, ‘पासष्ट’, ‘सत्तर’ असे सांगतात. त्यामुळे शून्य आणि पाच या अंकांवर माणसांची कृत्रिम गर्दी होते. अशा वेळी ‘आजी, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?’ असे विचारावे. ‘तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, पण मी शेतावर जायला लागले होते,’ असे उत्तर आले, तर डिसेंबर १९६७ हे खुणेचे वर्ष धरून वय बरेच नेमके ठरवता येते. त्यासाठी गावातील लक्षात राहिलेल्या घटनांची सालवार यादी आधीच तयार करावी.

नोंदी झाल्यावर पाच-पाच वर्षांचे गट पाडून आलेखकागदावर लोकसंख्या मनोरा काढावा : डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, तळाशी लहान मुले. आधी फक्त गावात राहणाऱ्यांचा मनोरा काढावा आणि नंतर बाहेरगावच्या माणसांची भर वेगळ्या रंगाने घालावी. वीस ते पंचेचाळीस वयाच्या पुरुषांच्या बाजूची खाच त्या रंगाने भरू लागते, तेव्हा स्थलांतर हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चाळीस घरांवरून टक्केवारीचे मोठे दावे करू नयेत. आपला मनोरा जिल्हा जनगणना पुस्तिकेतील गावाच्या आकड्यांशेजारी ठेवावा आणि फरकाची कारणे मुलांनाच शोधू द्यावीत.

२०२१ ची जनगणना लांबली आणि नव्या जनगणनेचा संदर्भदिनांक, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरली जाते तो दिवस, १ मार्च २०२७ ठरला. म्हणून वही शाळेतच जपून ठेवावी, दरवर्षी नव्या तुकडीकडून त्याच घरांची नोंद करून घ्यावी आणि नव्या जनगणनेतील आपल्या गावाचे आकडे प्रसिद्ध होताच ते शेजारच्या रकान्यात भरावेत.